गळाचा उलटा काटा

'मासा गळाला लागला' हा वाक्प्रचार आपण निवडणुकीपासून सोयरिकीपर्यंत सर्वत्र वापरतो. प्रत्यक्ष गळ मात्र हातात घेऊन निरखून पाहण्याचा योग आपल्यापैकी फार थोड्यांना येतो. आम्हा डॉक्टरांना तो येतो तेव्हा गळ बहुधा रुग्णाच्या बोटात रुतलेला असतो. रात्री अकरा वाजता बोटाला रुमाल गुंडाळून कोणी दवाखान्याच्या दारात उभा राहतो आणि रुमाल उलगडला की बोटाच्या पेरातून पोलादाची चकचकीत दांडी बाहेर डोकावताना दिसते. अशा वेळी गळाची रचना ठाऊक असलेला डॉक्टर पाच मिनिटांत मोकळा होतो, आणि ठाऊक नसलेला रुग्णाला आणि स्वतःलाही घाम फोडतो.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात गळाला 'गरी' म्हणतात व गळाने मासे धरण्याला 'गरवणे'. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना समुद्रबंदी असते. त्या दिवसांत मांडवी-जुवारीच्या काठांवर, पुलांच्या कडेला, खाजणांच्या मानशीपाशी छत्री खांद्याला लावून गरवत बसलेली माणसे हमखास दिसतात. पूर्वी त्यांच्या गरीला सुंगट नाहीतर एखादा जिवंत मासा असे. आता अनेकांच्या तंगुसाच्या टोकाला रंगीत प्लॅस्टिकचा, दोन-दोन तिहेरी गळ लटकवलेला कृत्रिम मासा असतो. या कृत्रिम आमिषाला इंग्रजीत 'ल्युअर' म्हणतात. त्याची घडण मुख्यतः अमेरिकेत झाली, आणि तीही 'बास' नावाच्या एका माशासाठी. अधिक बास हाती लागावेत म्हणून तेथील गळकऱ्यांनी या आमिषांच्या गळांवर गेली शंभर-सव्वाशे वर्षे जे प्रयोग केले, त्यांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. हे प्रयोग ज्या निष्कर्षाशी येऊन पोहोचले तो वैद्यकाच्या विद्यार्थ्याला परका वाटणार नाही. टोक तीक्ष्ण हवे, जखम लहान हवी, आणि आत गेलेली वस्तू सुखरूप बाहेर काढता यायला हवी.

बास आणि आपला चोणक

या छंदाचा आपल्या व्यवसायाशी असलेला संबंध जुना आहे. अमेरिकेतील बासच्या गळकऱ्यांत आजही आदराने ज्याचे नाव घेतले जाते, तो 'बुक ऑफ द ब्लॅक बास' हा ग्रंथ डॉ. जेम्स हेनशॉल या वैद्याने लिहिला. तो १८८१ साली प्रसिद्ध झाला. त्यात माशाच्या जीवनेतिहासाबरोबर काठी, रीळ, दोरा आणि गळ या साधनांचेही तपशीलवार वर्णन आहे. पुढे हेनशॉल यांनी मोन्टाना राज्यातील बोझमन येथील सरकारी मत्स्यबीज केंद्राची धुरा सांभाळली. रोग्याच्या नाडीवरचा हात माशाच्या कल्ल्यावर गेला, तरी निरीक्षणाची शिस्त तीच राहिली.

मोठ्या तोंडाचा बास हा गोड्या पाण्यातील शिकारी मासा उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातील मूळ रहिवासी आहे. नावात 'बास' असले, तरी प्राणिशास्त्राच्या हिशेबाने तो 'सनफिश' कुळातला. ज्याला इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात, तो आपला चोणक, म्हणजेच रायगडकरांचा जिताडा आणि ऑस्ट्रेलियाचा बॅरामंडी, वेगळ्याच कुळातला आहे. दोघांची शिकारीची रीत मात्र सख्ख्या भावंडांसारखी. दोघेही बुडालेल्या लाकडांच्या, खडकांच्या किंवा गवताच्या आडोशाला दबा धरून बसतात. भक्ष्य टप्प्यात आले की तोंड एवढ्या वेगाने उघडतात की पाण्याचा लोट भक्ष्यासकट आत ओढला जातो. मासा चावत नाही, तो शोषून घेतो. गळाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण आमिष जड, ताठर किंवा अडखळणारे असेल तर ते तोंडात पुरते ओढले जात नाही, आणि चुकीचे वाटले तर मासा ते तितक्याच वेगाने थुंकूनही टाकतो. गळाला जे काही करायचे, ते या दोन क्रियांमधल्या क्षणार्धातच करावे लागते.

या माशाचे अमेरिकेत किती वेड आहे, हे एका विक्रमावरून कळावे. जॉर्ज पेरी यांनी १९३२ साली जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा, बास धरला. तो विक्रम तब्बल सत्याहत्तर वर्षे अबाधित राहिला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याच्याहून काही ग्रॅम जड मासा धरला. परंतु फरक दोन औंसांपेक्षा कमी असल्याने नियमानुसार दोघांची बरोबरी मानण्यात आली.

पाच गळ, पंधरा टोके

गळाची शरीररचना सोपी आहे. दोरा बांधायचे ते नेढे, त्याखालची सरळ दांडी, मग बाक आणि शेवटी टोक. टोकाच्या किंचित मागे, आतल्या अंगाला, उलट्या दिशेने उचललेले पोलादाचे लहानसे कुसळ असते. तोच उलटा काटा. दांडी आणि टोक यांमधल्या अंतराला आपण गाळा म्हणू. गाळा जितका मोठा, तितका गळ जाड ओठ कवेत घेऊ शकतो. उलटा काटा गळाला मागे सरकू देत नाही. आत जाताना मात्र तोच अडथळा ठरतो, कारण टोकाने पाडलेले छिद्र काट्याच्या जाडीइतके रुंद झाल्यावाचून तो आत शिरत नाही.

गळ आणि सुई ही भावंडे आहेत. इंग्लंडमधील रेडिच हे गाव एके काळी सुयांसाठी जगप्रसिद्ध होते. तेथेच मासेमारीचे गळ घडत आणि शस्त्रक्रियेच्या सुयाही तयार होत. शल्यविशारदाला 'टेपर' आणि 'कटिंग' सुईतला भेद शिकवावा लागत नाही. गळाची टोकेही याच दोन जातींची असतात. शंकूसारखे निमुळते टोक ऊतींना बाजूला सारत आत जाते. सुरीसारखी धार असलेले टोक कापत जाते, म्हणून आत शिरायला सोपे पडते. परंतु मासा बराच वेळ झुंजला तर तीच धार छिद्र रुंदावत नेते आणि अखेर गळ निसटतो.

कृत्रिम आमिषांचा अमेरिकेतील इतिहास एका चमच्यापासून सुरू होतो. ज्युलिओ ब्युएल यांनी चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचे पेटंट १८५२ साली मिळवले. पुढे मिशिगन राज्यातील डोवाजिॲक गावच्या जेम्स हेडन यांनी लाकडी आमिषांचा कारखाना काढला. त्यांच्या सुरुवातीच्या एका प्रसिद्ध लाकडी माशाला पाच तिहेरी गळ असत: दोन्ही कुशींना दोन-दोन आणि शेपटीला एक. म्हणजे बोटभर लाकडाला पंधरा टोके! जितकी टोके अधिक तितका मासा हमखास, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. १९३६ साली फिनलंडमध्ये लाउरी रापाला यांनी जखमी माशासारखे वळवळत पोहणारे हलके आमिष घडवले, १९४९ मध्ये ओहायो राज्यातील निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ ओतला, आणि आमिषांचे जग पालटले. गळांचा तो जुना हिशेब मात्र बराच काळ कायम राहिला.

तो तपासून पाहिला म्हणजे त्यातली चूक दिसते. माशाच्या तोंडात टोक रुतवण्यासाठी गळकऱ्याच्या हाती ओढ मर्यादितच असते. तंगूस ताणला जातो, काठी वाकते, आणि उरलेली ओढ टोकांत वाटली जाते. तीन किलोंची ओढ तीन टोकांवर पडली तर एकेकाच्या वाट्याला एकच किलो येते. तिन्ही टोके कातडीला खरचटतात, पण उलट्या काट्यापर्यंत एकही पोहोचत नाही. मासा वर उसळी घेतो, डोके झटकतो, आणि आमिष हवेत भिरकावून देतो. अमेरिकेतील गळकऱ्यांनी गळांत जे फेरफार केले ते या एका अपयशावरचे इलाज आहेत.

टोकाला धार, गळाला हलकेपणा

पहिला इलाज अगदी साधा: टोक तीक्ष्ण ठेवणे. दगडावर, शिंपल्यावर आपटून टोक बोथट होते. ते तपासायची खूण अशी, की गळ अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवावा. टोक नखात अडकले तर ठीक. घसरले तर बारीक कानशीने टोकाच्या दिशेने दोन-तीन हात मारावेत, अन्यथा गळ बदलावा. आजकालचे अनेक गळ रासायनिक प्रक्रियेने धारदार केलेले असतात. ते घासण्यापेक्षा बदलणेच बरे. तीक्ष्ण टोकाला कमी ओढ पुरते, म्हणजेच तेवढ्याच ओढीत ते अधिक खोल जाते.

दुसरा इलाज म्हणजे आमिषासोबत आलेले गळ काढून दुसरे लावणे. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुपदरी कडी या गळांना असते, आणि ती उघडणारी दातेरी पक्कड मिळते. पण गळ बदलताना वजनाचे भान हवे. काही आमिषे दोरा ढिला सोडताच पाण्यात अधांतरी स्थिर राहतील अशी तोललेली असतात. गळ थोडा जड झाला की ती बुडू लागतात, हलका झाला की वर येतात. त्यांची थरथर मंदावली तर मासा फिरकत नाही. म्हणून बदललेले आमिष आधी बादलीत किंवा उथळ पाण्यात सोडून पाहायचे, मगच फेकायचे. शिवाय पुढचा आणि मागचा गळ एकमेकांत अडकता कामा नये. त्यासाठी आखूड दांडीचे तिहेरी गळ वापरतात, त्यांचा गाळा मोठा राहतो आणि लांबी कमी होते.

इथे चोणकाचा उल्लेख करणे भाग आहे. बासला पुरेसे ठरणारे बारीक तारेचे गळ चोणकाच्या जबड्यात सरळ होऊन बाहेर येतात, कड्या उघडतात. उत्तर ऑस्ट्रेलियातील गळकरी म्हणूनच अमेरिकन घडणीच्या आमिषांचे गळ व कड्या काढून जाड तारेचे लावतात. आपल्या खाड्यांतही तोच नियम लागू पडतो. मात्र जाड तार रुतवायला अधिक ओढ लागते, त्यामुळे काठीही तितकीच ताठ हवी. साधन एकाच अंगाने बदलून भागत नाही.

तिसरा इलाज म्हणजे नको असलेले टोक छाटणे. गवतात किंवा बुडालेल्या फांद्यांत आमिष ओढताना तिहेरी गळाचे पुढे तोंड केलेले एक टोक सर्वाधिक अडकते. ते वायर कटरने कापून टाकले की उरलेली दोन टोके दोन्ही बाजूंना पसरून राहतात आणि अडकणे पुष्कळ कमी होते. पोकळ रबरी बेडकाच्या पाठीला चिकटलेल्या दोन टोकांना काही गळकरी पक्कडीने किंचित वर आणि बाहेर वाकवतात, म्हणजे मासा बेडूक दाबतो तेव्हा ती लवकर उघडी पडतात. फिरत्या पात्याच्या आमिषाला मागून शेपटीला चावा घेऊन मासे निसटत असतील, तर मुख्य गळाच्या बाकातून आणखी एक गळ मागे ओवतात. पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाच्या शेपटीच्या गळाला पिसे बांधतात. आमिष थांबले तरी पिसे हलत राहतात आणि घुटमळणारा मासा तिथेच झडप घालतो.

यात एक पथ्य आहे. गळाचे पोलाद पाणी दिलेले असते. ते जास्त वाकवले तर तडकते, आणि आगीवर तापवून वाकवले तर पाणी उतरून गळ मऊ पडतो. थोडे वाकवायचे असेल तर थंडच, एकदाच आणि हलक्या हाताने. वाकवून पुन्हा सरळ केलेला गळ फेकून द्यावा.

एकेरी गळाकडे

गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा बदल झाला आहे तो तिहेरी गळ काढून त्याजागी एकेरी लावण्याचा. नेहमीच्या एकेरी गळाचे नेढे आडवे असते, त्यामुळे तो कडीत तिरपा लोंबतो. या कामासाठी ज्याचे नेढे नव्वद अंशांत फिरवलेले आहे असा गळ मिळतो, तो आमिषाच्या रेषेत राहतो. त्याचा गाळा मूळ तिहेरी गळापेक्षा मोठा निवडायचा आणि वजन शक्यतो जुळवायचे. लाभ असा, की सारी ओढ एकाच टोकाला मिळते. ते पुरते रुतते, रुंद बाकात ओठाचा जाड भाग सामावतो, आणि उसळी मारली तरी सहसा निसटत नाही. लहान मासे कडेने चाटून जातात तेव्हा तिहेरी गळाला जे ओझरते लागतात, ते एकेरीला लागत नाहीत, हे खरे आहे. मात्र मोठा मासा लागल्यानंतर तो काठापर्यंत आणण्यात एकेरी गळ उणा पडत नाही, असा अनेक जाणत्या गळकऱ्यांचा अनुभव आहे.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे उलटा काटा दाबून टाकणे. गळ पक्कडीत धरून काटा सावकाश दाबला की तो दांडीशी चपटा होतो, फक्त एक बारीक उंचवटा उरतो. कणखर गळाचा काटा कधीकधी तुटून उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा. काटा दाबलेला गळ कमी ओढीत रुततो. तो निसटू नये यासाठी दोरा क्षणभरही ढिला सोडायचा नाही, एवढीच अट. अर्थात जे काम पूर्वी पोलाद करीत होते ते आता हाताने करायचे.

माशाच्या जिवाचा हिशेब

१९६७ साली रे स्कॉट यांनी आर्कान्सा राज्यातील बीव्हर सरोवरात बास धरण्याची स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षी बासच्या गळकऱ्यांची संघटना उभारली. स्पर्धेसाठी शेकडो मासे मारले जाऊ लागले तेव्हा मासे संपतील ही भीती उभी राहिली. १९७२ साली त्यांनी मासा जिवंत ठेवून वजनानंतर पाण्यात सोडण्याची मोहीम सुरू केली. तेव्हापासून 'अधिक मासे धरणे' या शब्दांचा अर्थच बदलला. सोडलेला मासा जगला तर तो पुन्हा गळाला लागेल. जो मेला, तो सगळ्यांच्याच हातून गेला.

सोडलेला मासा जगेल की मरेल हे बऱ्याच अंशी गळ कोठे रुतला यावर ठरते. ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात रुतला तर बहुतेक मासे जगतात. कल्ल्यात किंवा अन्ननलिकेत खोल गेला तर रक्तस्राव होतो आणि जगण्याची आशा कमी होते. खोल गेलेला गळ खेचून काढण्यापेक्षा दोरा कापून तो तिथेच राहू देणे माशाला अधिक मानवते, असे पाहण्यांत आढळले आहे. शरीरात खोल बसलेली गोळी किंवा तुकडा काढण्याच्या नादात अधिक हानी होते तेव्हा तो तसाच ठेवण्याचा निर्णय आपणही घेतोच की. म्हणून जिवंत किंवा मृत आमिषासाठी अमेरिकेत गोल गळ पुढे आला. त्याचे टोक दांडीकडे आत वळलेले असते. मासा आमिष गिळून वळला की हा गळ घशातून सरकत जबड्याच्या कोपऱ्यात येऊन अडकतो. अट एकच, गळकऱ्याने झटका द्यायचा नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पट्टेरी बास धरताना नैसर्गिक आमिषाला गोल गळच लावण्याचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आहे.

दोन्ही माशांच्या संसारात डोकावले म्हणजे हा जीव वाचवणे का महत्त्वाचे आहे ते कळते. वसंतात पाणी उबदार झाले की बासचा नर तळाशी खळगा करून घरटे तयार करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर अंड्यांची व पिलांची राखण करतो. त्याला उचलले की घटकाभरात लहान सनफिश अंडी फस्त करतात. चोणकाची कथा याच्या उलट आहे. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ज्याच्यासोबत छायाचित्र काढून घेण्याची हौस असते तो मोठा चोणक बहुधा मादी असतो, आणि अंडी तिच्याच पोटी असतात. अमेरिकेत गळ बापाला उचलतो, गोव्यात आईला. चोणक ताटात वाढू नये असे सांगण्याचा अरसिकपणा मी करणार नाही. पण मध्यम आकाराचा घरी न्यावा आणि थोराड मादी जिथल्या तिथे सोडावी, असे ज्याला वाटेल त्याच्या आमिषाला दाबलेल्या काट्याचा एकेरी गळच हवा. सहा टोकांत गुरफटलेला मासा सोडवताना हातात तडफडतो, त्याचे कल्ले सुकतात, अंगावरचा बुळबुळीत लेप जातो. एकेरी गळ पाण्यातल्या पाण्यात काढता येतो.

गळ माणसाला लागतो तेव्हा

आता आपल्या टेबलाकडे वळू. गळाच्या इजा सर्वाधिक हाताला होतात आणि त्याखालोखाल डोके व चेहऱ्याला. त्या होण्याचे दोन ठरलेले प्रकार आहेत. एक, अडकलेले आमिष सरळ रेषेत खेचणे. ते सुटले की गोफणीच्या दगडासारखे खेचणाऱ्याच्या तोंडावर येते. दुसरा, मासा सोडवताना. तिहेरी गळाचे एक टोक माशाच्या जबड्यात असते, मासा उसळतो, आणि मोकळे टोक माणसाच्या बोटात शिरते. मग मासा आणि माणूस एकाच आमिषाला जोडले जातात आणि मासा तडफडतच असतो. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची धार पात्यासारखी असते, ती जखम वेगळीच.

रुग्ण आला की प्रथम गळ किती टोकांचा आहे ते पाहावे. तिहेरी असेल तर मोकळी टोके आधी कापावीत किंवा चिकटपट्टीने झाकावीत आणि आमिष गळापासून वेगळे करावे. त्यानंतर चार वाटा आहेत.

पहिली, दांडी त्वचेकडे दाबून काटा सोडवायचा आणि आल्या वाटेने गळ मागे घ्यायचा. काटा दाबलेला असेल तर बहुधा एवढेच पुरते.

दुसरी वाट दोरीच्या झटक्याची. ती १९६१ साली ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय नियतकालिकात वर्णिली गेली. जाड रेशमी धागा किंवा तंगूस गळाच्या बाकाभोवती घालायचा, एका हाताने नेढ्याकडची दांडी त्वचेवर दाबून धरायची, आणि दुसऱ्या हाताने धागा त्वचेला समांतर दिशेने एकदाच झटकन ओढायचा. पुष्कळदा भूलही लागत नाही. मात्र गळ उडण्याच्या दिशेला कोणी उभे नसावे, आणि कानाच्या पाळीसारख्या हलत्या भागावर ही रीत वापरू नये.

तिसरी वाट सुईची. बधिर करून अठरा नंबरची सुई गळाच्याच छिद्रातून बाकाच्या आतल्या अंगाने सरकवायची, तिच्या पोकळ तोंडात काटा झाकून घ्यायचा, आणि सुई व गळ दोन्ही एकत्र मागे आणायचे.

चौथी जुनी आणि हमखास वाट म्हणजे गळ पुढे ढकलून टोक त्वचेबाहेर काढणे, काट्यामागे छाटणे आणि उरलेला गळ मागे घेणे. यात नवी जखम होते, म्हणून इतर उपाय फसल्यावरच ती निवडावी. काही गळांच्या दांडीवरही कुसळे असतात; तेव्हा नेढ्याकडचा भाग कापून गळ पुढूनच काढावा.

डोळ्यात किंवा पापणीत गेलेल्या गळाला मात्र हात लावू नये. दाब न येईल असे कडक कवच वर ठेवावे आणि रुग्णाला तात्काळ नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. कंडरा, सांधा किंवा मोठी रक्तवाहिनी जवळ असेल तेव्हाही धाडस नको.

जखम धुऊन धनुर्वाताची लस पाहावी. वरवरच्या जखमेला प्रतिजैविके सरसकट लागत नाहीत. मधुमेही, प्रतिकारशक्ती क्षीण झालेला रुग्ण किंवा खोल जखम असेल तर मात्र पाण्याची चौकशी करावी. गोड्या पाण्यात एरोमोनास, खाऱ्या व मचूळ पाण्यात व्हिब्रिओ हे जंतू असतात. यकृताच्या रुग्णाला व्हिब्रिओचा संसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो. ताप आणि काळसर फोड दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. कित्येक आठवड्यांनी बोटावर न बरी होणारी गाठ उठली तर मायकोबॅक्टेरियम मॅरिनम आठवावा. हा जंतू जुनी, विसरलेली टोचणी शोधून काढायला लावतो, म्हणून 'कधी मासे गरवता का?' हा प्रश्न आपल्या किनारपट्टीवर इतिहास घेताना अवश्य विचारावा.

एक छोटे सुचवणे

अधिक मासे धरण्यासाठी सुरू झालेला हा खटाटोप पंधरा टोकांपासून एका टोकापर्यंत आला, आणि त्या एका टोकाचा काटाही दाबला गेला. गळकऱ्याचा त्यात तोटा झाला नाही. मासा पुरता रुतू लागला, जखम लहान राहिली, सोडलेला जगू लागला, आणि माणसाच्या बोटात गेलेला गळ दोन मिनिटांत निघू लागला. हे सारे साधणारे साधन म्हणजे एक पक्कड, आणि त्यासाठी लागणारा वेळ अर्धा मिनिट.

आपल्या अपघात कक्षाच्या ट्रेमध्ये एक चांगला वायर कटर आणि जाड रेशमी धागा असावा, ही विनंती समव्यवसायी मित्रांना आहे. आणि ज्या वाचकांच्या घरी गरवण्याचा छंद आहे त्यांना एवढेच सांगणे, की येत्या पावसाळ्यात मानशीवर जाण्यापूर्वी पेटीतली आमिषे एकदा बाहेर काढा, तिहेरी गळ मोजा, काटे दाबा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. पोराबाळांना सोबत नेत असाल तर हे काम आदल्या रात्रीच उरकून घ्या.